पायाखालचा पियानो

डोमाजी म्हणाले, "हं, ठेवा आता पाय," आणि लालीबाईचा उजवा पाय जमिनीपासून चार बोटं वर गेला अन् तिथंच अडकला. पुढं जाईना, खालीही येईना. पियानोच्या पोटातून दोन रुंद लाकडी पायडलं बाहेर आली होती, त्यांच्यावरची जुनी सतरंजी मधोमध झिजून सुताचे धागे दिसत होते. कोणाच्या तरी टाचांनी वर्षानुवर्षं ती जागा घासली होती. वास्तविक ती सगळी तयारी करून बसली होती. चपला दाराबाहेर काढल्या होत्या, अंगणातल्या नळावर पाय धुतले होते, एवढंच नव्हे तर पदरानं पुसलेही होते. सव्वीस वर्षं एस.टी.च्या धावत्या गाडीत कशालाही न धरता उभी राहिलेली कंडक्टरबाई ती. मारेगावपासून राळेगावपर्यंतचा रस्ता तिच्या तळव्यांना खड्ड्याखड्ड्यानिशी पाठ. आणि आज एका लाकडाच्या फळीवर पाय टेकवायचा, तर तो टेकेना. "काय झालं, बाई? गोळा आला का पायात?" डोमाजींनी विचारलं. लालीबाईनं पाय मागं घेतला, उजव्या हाताची बोटं पियानोला लावून कपाळाला लावली, आणि ती स्टुलावरून उठून उभी राहिली.

वणीतल्या त्या गल्लीत ती मुळात आली होती चालायला. निवृत्तीनंतर तिला एकाच गोष्टीचा त्रास झाला. घरातली जमीन हलत नसे. सकाळी भाजी चिरताना, दुपारी पोथी वाचताना, पायाखालची फरशी इतकी गप्प असायची की तिला आपण कुठल्यातरी बंद पडलेल्या गाडीत बसलोय असं वाटायचं, आणि मागच्या गाडीची वाट बघत मन उगाच रस्त्याकडे लागायचं. डॉक्टर म्हणाले, फिरत जा. म्हणून कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीनं रोज एक चक्कर. त्यातल्या एका संध्याकाळी एका खिडकीतून आवाज आला. बँडचा नाही, पेटीचा नाही; एकाच वेळी दहा-बारा जणी बांगड्या भरायला बसल्यासारखा खळखळता. तिनं गजांतून पाहिलं. एक म्हातारा सायकल मारल्यासारखे पाय हलवत होता, आणि त्याच्यापुढं पांढऱ्या-काळ्या पट्ट्या आपल्याआपण खालीवर होत होत्या. एकाही पट्टीवर बोट नव्हतं. तिला भीती वाटली नाही. वाटलं ते वेगळंच. भजनी मंडळात गेली पंधरा वर्षं तिला टाळ दिला जात असे, कारण गळा बसलेला. 'मागं सरका, मागं सरका' म्हणूनच तो बसला होता. पेटी शिकायला गेली तर उजव्या हाताची दोन बोटं वळेनात. गाडीच्या दारात सापडलेली. सूर हा आपल्या वाटणीचा नव्हे असं तिनं देवाशी केव्हाच मिटवून टाकलं होतं, तक्रार न करता. आणि इथं हा म्हातारा बोटं न लावता, तोंड न उघडता अख्खं घर वाजवत होता. ती किती वेळ उभी राहिली कोण जाणे. रोज तिन्हीसांजेला सेवालाल महाराजांच्या तसबिरीपुढं दिवा लावायचा तिचा नेम, लग्नाच्या वर्षापासूनचा, ड्यूटी असली तर डेपोतल्या कोपऱ्यात लावायची, पण चुकवायची नाही. त्या दिवशी दिवा पाऊण तास उशिरा लागला.

"खिडकीतून कायले पाहता, बाई? तिकीट नाही लागत. आत या," असं आतून आलं होतं, आणि ती गेली होती.

त्या म्हाताऱ्याचा, डोमाजींचा, बाप खाणीवरच्या साहेबलोकांच्या क्लबात खानसामा होता. साहेब गेले, क्लबाचं कुलूप गंजलं, आणि तो पियानो कोणालाच नको म्हणून बैलगाडीतून या घरात आला. तो सुरात लावायला नागपूरहून एक म्हातारा मेकॅनिक यायचा, त्याच्या मागंमागं राहून डोमाजी शिकले. आता त्यांचे गुडघे उतरले होते. चंद्रपूरला राहणारी त्यांची मुलगी वर्षा येत्या रविवारी त्यांना न्यायला येणार होती; तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना असा की गादी न्यायची तर दुमडावी लागते. पियानो जाणं शक्यच नव्हतं. बायपासवरच्या लग्नाच्या लॉनचा मालक भीमराज तो न्यायला तयार होता. आतलं सगळं काढून टाकायचं, रंग मारायचा, आणि वर पानाचं काउंटर. बाजूला नवरा-नवरीनं उभं राहून फोटो काढायचा. "मले पैसा नाही पाहिजे," डोमाजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ज्याले हे कळते, त्याले देईन. तुमाले पाहिजे असन तर पहिले शिका, मंग न्या. नाही शिकल्या, तर भीमराज हायेच." लालीबाईनं आपल्याला पाहिजे असं कुठं म्हटलं होतं? तरी ती "उद्या येते" म्हणाली, आणि परत येताना रस्ताभर चेहरा गरम वाटत राहिला, लहानपणी जत्रेत परवानगी न विचारता पाळण्यात बसली होती तसा.

मग रोज चार वाजता ती जाऊ लागली. पहिल्या दिवशी ती सरळ म्हणाली, "म्हणजे भाता हवा फुंकतो, अन् हवेनं सूर वाजते. आपल्या पेटीसारखं." डोमाजी हसले. बिडीच्या बंडलावरचा कागद फाडून त्यांनी समोरच्या पितळी पट्टीवर धरला. त्या पट्टीत बारीक भोकांची एक लांब रांग होती. त्यांनी पाय मारले, हात सोडला, आणि कागद पडला नाही. चिकटून राहिला. "पाहा. फुकत नाही हे. वढते. याच्यावरून कागदाचा रोल सरकते. जिथी रोलाले भोक, तिथी हवा आत जाते. आत गेली की एक चामड्याची टिकली उठते, भाता मिटते, अन् हातोडी तारेवर आपटते. बस, एवढंच जादू." एवढंच! लालीबाईनं स्वतःच्या नकळत एक लांब श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. देणारं सगळंच आधी काहीतरी घेत असतं, हे तिला अंगावर काटा आणणारं वाटलं. रोल उलगडला तेव्हा त्या लांबलचक कागदावरची भोकं बघून तिचा हात आपोआप चिमटा दाबल्यासारखा मिटला. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत तिनं तिकिटांना किती भोकं पाडली असतील! वणी ते मारेगाव एक भोक, वणी ते राळेगाव एक भोक. माणूस कुठून कुठं चाललाय एवढंच त्यातून कळायचं. तीच भोकं ओळीनं गेली तर गाणं होतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती पोटाशी बसून आतलं बघायला शिकली. रबराच्या नळ्या चिमटीत दाबून पाहायच्या; मऊ असली तर जिवंत, कडकडली तर मेली. भात्याचं कापड घडीवर चिरलंय का ते बॅटरीनं पाहायचं. उंदीर कुठून येतो ते आधी शोधायचं, मग बाकी सगळं. दुसरीकडून रोल घेताना भोकांची मोजणी विचारून घ्यायची, कारण फार जुन्या पियानोंना पासष्ट भोकं असत आणि याला अठ्ठ्याऐंशी. एकाचा रोल दुसऱ्यावर चढवला तर वाजण्याऐवजी भांडण ऐकू येतं. कूलरसमोर ठेवायचा नाही, खिडकीखाली ठेवायचा नाही, सहा हमालांशिवाय हलवायचा नाही. हे सगळं ती वहीत टिपून पाठ करी. घरी आल्यावर मोबाईलवर इंग्रजी व्हिडिओ लावी. बोलणं कळत नसे, पण माणसाचे हात कुठं जातात ते बघत बसे. आणि मधूनच एक बारीक टोचणी लागे. सगळं जर कागदातच लिहिलेलं आहे, तर वाजवणारी मी कोण? डोमाजींना विचारलं तर त्यांनी पट्ट्यांखालच्या दोन पितळी दांड्या दाखवल्या. एक चाल धीमी-जलद करणारी, दुसरी आवाज दबवणारी. "कागदाले सूर माहीत हाये. कुठं थांबाव, कुठं जोर द्याव, थे त्याले माहीत नाही. थे पायाचं अन् या दांडीचं काम." पायाचं. शब्द तिनं ऐकला, आणि चौथ्या दिवसाची वही मिटली.

कारण पाय म्हटलं की नगारा आठवे. मारेगावच्या पलीकडच्या तांड्यात, ती सात-आठ वर्षांची असताना, होळीच्या दिवसांत, नायकाच्या घरासमोर नगारा ठेवला होता आणि पोरींच्या पळापळीत ती त्याच्यावरून उडी मारून गेली होती. आवाजसुद्धा झाला नव्हता. पण तिच्या याडीनं, आईनं, ते पाहिलं. मारलं नाही. हाताला धरून परत आणलं, नगाऱ्यापुढं बसवलं, आणि तिच्या कपाळाला त्या चामड्याचा थंडपणा लागेपर्यंत मान खाली दाबली. "वाजते त्याच्यात देव असते. देवाले पाय नाही लावाव." तेव्हापासून तिनं झाडूला पाय लावला नाही, वहीला लावला नाही, धान्याच्या पोत्याला लावला नाही. गाडीत गर्दीत कोणाच्या पिशवीला चुकून लागला तरी ती बोटं कपाळाला नेई; लोक हसत. आज इतक्या वर्षांनी त्याच आठवणीच्या कडेला एक गोष्ट दिसली, पूर्वी न दिसलेली. नगारा वाजवणाऱ्यानं तापवायला तो विस्तवाकडं कलता केला होता आणि गडगडू नये म्हणून डाव्या पायाचा पंजा त्याच्या बुडाशी लावून धरला होता. तिनं बोट दाखवून याडीला विचारलंही होतं. "त्याचं काम हाये थे," याडी म्हणाली होती. म्हणजे देव काम करणाऱ्याचा पाय चालवून घेतो, अन् खेळणाऱ्या पोरीचा नाही? हा विचार मनात येताच लालीबाईला आपण याडीशी उलटून बोलल्यासारखं वाटलं, आणि तिनं तो मागं सारला.

तर आज शुक्रवार होता, आणि ती स्टुलावरून उठून उभी होती. एकदम तिला सुचलं. ती खाली गुडघ्यांवर बसली, दोन्ही तळहात दोन पायडलांवर ठेवले आणि आळीपाळीनं दाबू लागली. पियानोनं उसासा टाकला. रोल हलला. चार सूर आले, थांबले, मग धापा टाकत आणखी तीन. तिला घाम फुटला, अंबाडा सुटला, पण ती दाबत राहिली. डोमाजींना हसू आवरेना. "अवो बाई, हे काय? कणीक मळून राह्यल्या का?"

"वाजून तर राह्यलं ना!"

"वाजून नाही राह्यलं, कन्हून राह्यलं. अन् दांड्या कोण हालवन? मी येऊ का रोज चंद्रपूरहून?"

लालीबाई तळहात चोळत बसली. "भाऊ, मले पाय नाही लावता येत याले. पाप वाटते."

"पूर्वी नाटकवाले पायपेटी वाजवत, त्याइले पाप नाही लागलं?"

"त्याइचं मले काय माहीत. माझं मले माहीत."

डोमाजींचं हसू गेलं. ते हळूच खुर्चीवर बसले, गुडघा दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "मी सांगू तुमच्या घरी याचं काय होईन? तुमी याले रोज पुसान. हार घालान. उदबत्ती लावान. कोणाले हात लावू देणार नाही. अन् याच्यातलं चामडं हवा नाही भेटली की वर्षभरात वाळते, बाई. आतून खडखड होते. तुमी याले पुजून पुजून मारान. त्याच्यापेक्षा लॉनवर जाऊ द्या. लोकं पान तर खातीन." हे ते चिडून बोलले नाहीत. आजारी माणसाबद्दल डॉक्टर बाहेर येऊन बोलतो तसं बोलले. "रविवारी नऊ वाजता भीमराजचा टेम्पो येते. त्याच्या आंधी येऊन एक रोल पायानं वाजवा, पुरा. नाही तर देवाची शपथ, मी तुमाले नाही देत."

घरी प्रेमसिंग दोरी घेऊन दार मोजत होता. तिचा नवरा तीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवून आता घरी बसलेला. पियानोला तो पहिल्या दिवसापासून म्हैस म्हणायचा. कूलर सरकवून त्यानं भिंत मोकळी केली होती. "ये कंडक्टरबाई. मोजलं मी. तुझी म्हैस तिरपी केली तर येते आत."

"नाही येत ती," लालीबाई म्हणाली, आणि चहा टाकता टाकता सगळं सांगितलं. प्रेमसिंगनं चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला. मग म्हणाला, "मी तीस वर्षं क्लचवर लाथा मारल्या. दसऱ्याले त्याच गाडीले हार घातला, नारळ फोडला, तिच्या पाया पडलो. एकाही वर्षी गाडी म्हणाली नाही का आधी ठरव, लाथ का हार."

"तुमच्या ट्रकले सूर नव्हता."

"होता न! चौथ्या गेरात काय गाये ती! तुले ऐकू नाही आलं, तू कधी बसलीच नाही तिच्यात." ती हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं ते तिला कळेना. शनिवारी तिचा उपवास होता. ती डोमाजींकडं गेली नाही. दिवसभर जप केला आणि मधेमधे लक्षात यायचं की बसल्या जागी टाचा उठतायत, आधी डावी, मग उजवी, आणि तिनं मांडी अधिक घट्ट घातली.

रविवारी पहाटे जाग आली तेव्हा ती सवयीनं खाटेच्या कडेला बसली, वाकली, बोटांनी जमिनीला शिवली आणि बोटं कपाळाला नेली. हे ती रोज करायची. पाय ठेवण्याआधी धरणीमातेची क्षमा मागायची. सासू शिकवून गेली होती, आणि इतक्या वर्षांत हात आपोआप जाई, शब्द ओठांत आपोआप येत. आज शब्द आले आणि ती मधेच थांबली. तू सगळ्यांची आई, तुला पाय लागतो, माफ कर. आणि मग? मग रोज ती काय करत आली होती? उभी राहत आली होती. दिवसभर त्याच आईच्या अंगावर चालत, गाडीत चढत-उतरत, नाचत, ठेच लागली की तिच्यावरच पाय आपटत. क्षमा मागून ती कधी खाटेवर बसून राहिली नव्हती. धरणीनंही कधी पाय परत ढकलला नव्हता. इतकी साधी गोष्ट. इतकी वर्षं ती रोज म्हणत होती आणि ऐकत नव्हती. लालीबाईला स्वतःचं हसू आलं. ती तशीच बसून आपल्या पायांकडं बघू लागली. फुगलेल्या निळ्या शिरा, चिरा पडलेल्या टाचा, करंगळीवरचा जुना घट्टा. आपल्या अंगात कोणाला सगळ्यात जास्त काही येत असेल तर ते यांना, आणि यांनाच आपण आयुष्यभर माफी मागायला लावलं. तिनं दोन्ही पाय जमिनीवर ठेवले, आणि ते ठेवतानाचा गारवा तिला पहिल्यांदा आवडला.

साडेआठला ती डोमाजींच्या दारात होती. पाय धुतले. पियानोला बोटं लावली, कपाळाला लावली, आणि मनात म्हणाली, माफ कर, लागतोच आता. बसली. उजवा पाय ठेवला. डावा ठेवला. झिजलेल्या सतरंजीतला खोलगा तळव्याला असा बरोबर बसला की तिला दचकायला झालं. दाबलं, तर खालून कोणीतरी हळूच उलटं दाबलं. जिवंत होतं ते. एक पाय, मग दुसरा. आणि खोलीत सूर उसळले, कुठल्याशा विलायती नाचाचे, गिरक्या घेणारे. सुरुवातीला ती घाईघाईनं मारत सुटली, आणि पट्ट्या घाबरल्यासारख्या धावू लागल्या. मग तिच्या तळव्यांना आपलं जुनं काम ओळखू आलं. गाडी वळणावर झुकते तेव्हा अंगाचा भार आधी बाहेरच्या पायावर जातो, मग हलकेच आतल्या. खड्डा येण्याआधी गुडघा सैल सोडायचा. तसंच हे. जोर दिला की सूर उभे राहत, सैल सोडलं की बसत. उजव्या हाताची न वळणारी बोटं दांडीवर नुसती ठेवली तरी पुरत होती. मधे एके ठिकाणी सूर वर चढून एकटाच राहायचा. तिथं तिनं दांडी मागं घेतली, पायांचं वजन काढून घेतलं, आणि तो सूर तिथं थांबला, अगदी जरासा, दारात उभं राहून मागं वळून बघणाऱ्या माणसासारखा. हे कागदात नव्हतं. हे तिनं केलं होतं. तिच्या बसलेल्या गळ्यातून एक हुंकार निघाला आणि तो सुराला लागला की नाही हे तिनं पाहिलंच नाही.

रोल संपला तेव्हा खोलीत डोमाजी नव्हते. ते बाहेर अंगणात, नळाजवळच्या दगडावर जाऊन बसले होते, तोंड रस्त्याकडं. दारात टेम्पो उभा होता, त्याचे हमाल हाताची घडी घालून ऐकत होते. लालीबाई चौकटीत आली. डोमाजी तिच्याकडं न बघता म्हणाले, "पन्नास वर्षं मीच पाय मारत राह्यलो. बाहेरून कसं ऐकू येते थे मले माहीतच नव्हतं." मग ते उठले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "आलाच हायेस तर बरं झालं. लॉनवर नको नेऊ. या बाई सांगतीन तिथी ने. भीमराजले मी फोन करतो. त्याले म्हणतो, बाप्पा, पान ठेवाले फ्रिज घे."

"आजच?" लालीबाईनं विचारलं. "वर्षाताई येऊ द्या ना. उद्या—"

"उद्या नाही. उद्या माझं मन बदलन."

ती रोल परत गुंडाळायला वळली. रोलशेजारची छोटी दांडी उलटी टाकली की कागद मागं जातो. पट्ट्या गप्प राहतात, पण पाय मारावेच लागतात. तिचा पाय पायडलाला लागायच्या आत डोमाजी पुढं आले. "थांबा. हे मी करतो." ते स्टुलावर बसले, गुडघे एक एक करून हातांनी उचलून ठेवले, आणि पाय मारू लागले. आवाज नाही, फक्त आतला श्वास, आणि कागद शेवटाकडून सुरुवातीकडं सरकू लागला. दोन मिनिटांचं काम. पण ते इतके हळू मारत होते की कागद सरकतोय की नाही हे बघायला डोळे बारीक करावे लागत.

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. एकदा, दोनदा. मग खिडकीशी येऊन डोकावला. "किती वेळ हाये, बाई? मले अजून दोन ठिकाणी जा लागते."

जिनं आयुष्यात कोणासाठी गाडी अर्धा मिनिट थांबवली नव्हती, ती लालीबाई बाहेर गेली, खोलीचं दार आपल्यामागं हळूच ओढून घेतलं, आणि टेम्पोच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"लागन तेवढा," ती म्हणाली.